तपासणीची चिठ्ठी कोणाच्या हाती?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे सर चिठ्ठी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट होते. सॅम्पलबरोबर आलेल्या कागदावर नुसते 'सीबीसी' लिहिलेले दिसले की ते फोन उचलून पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारत, ताप कधीपासून आहे, प्लीहा हाताला लागते का, आधी कुठली औषधे दिली आहेत. मग स्लाइडवर काय शोधायचे ते ठरत असे. आज मला ज्या विषयावर बोलायला बोलावले आहे तो वरवर पाहता संगणकांचा आणि कंत्राटांचा वाटेल. मला तो सरांच्या त्या फोनचा विषय वाटतो.

आपल्या भागातली ट्रस्टची रुग्णालये एकेक करून कागदी चिठ्ठीवरून पडद्यावर येत आहेत. डॉक्टर संगणकावर तपासणी निवडतात, बारकोड छापला जातो, सॅम्पल खालच्या मजल्यावर किंवा दोनशे किलोमीटरवरच्या लॅबमध्ये जाते, आणि रिपोर्ट त्याच पडद्यावर परत येतो. हे घडवून आणायला रुग्णालयाला सोबती निवडावे लागतात. त्यात लॅब कंपनी आली, सॉफ्टवेअर कंपनी आली, सॅम्पल नेणारी माणसे आली, आणि बरेचदा माहिती साठवणारी आणखी एखादी कंपनी. या निवडीच्या कितीतरी बैठकांना मी बसले आहे. टेबलावर बहुतेक वेळा एकच कागद असतो, रेट लिस्ट. सीबीसी कितीला, थायरॉइड कितीला, महिनाअखेर सवलत किती टक्के. माझे म्हणणे असे की ही निवड रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे. ती करताना आधी हे पाहावे की डॉक्टरच्या मनातला प्रश्न लॅबपर्यंत धडपणे पोचतो का, आणि उत्तर वेळेत त्याच रुग्णाकडे परत येते का. भावाचे बोलणे त्यानंतर.

जॉर्ज लुंडबर्ग या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने १९८१ मध्ये ही सगळी वाट एका साखळीच्या रूपात मांडली. ती डॉक्टरच्या मेंदूतून निघते आणि डॉक्टरच्या मेंदूतच परत येते. तपासणी मागणे, रक्त घेणे, ते कोणाचे आहे याची नोंद, वाहतूक, सॅम्पल तयार करणे, प्रत्यक्ष चाचणी, रिपोर्ट, त्याचा अर्थ लावणे आणि मग उपचार. यातली चाचणी ही एकच कडी यंत्राच्या पोटात घडते. इटलीत पादुआच्या रुग्णालयात पाओलो कारारो आणि मारिओ प्लेबानी यांनी आपल्याच लॅबच्या चुका दोनदा तपासल्या. १९९७ च्या अभ्यासात सुमारे ६८ टक्के चुका रक्त यंत्रात जाण्याआधीच घडलेल्या होत्या, आणि दहा वर्षांनी, २००७ मध्ये, सुमारे ६२ टक्के. यंत्रे या काळात कितीतरी सुधारली, तरी चुकांचे माहेरघर तेच राहिले. म्हणून एखादी कंपनी आपल्या यंत्रांचे चकचकीत फोटो दाखवते तेव्हा मी आदराने पाहते, आणि मग विचारते, की वॉर्डात काय घडते ते दाखवा.

वॉर्डात काय घडते ते तुम्हाला जरा जवळून सांगते. सकाळचे सात वाजले आहेत. रात्रपाळीची सिस्टर जायच्या घाईत आहे. डॉक्टरांनी रात्रीच तपासण्या टाकून ठेवल्या आहेत. नर्सिंग स्टेशनवरचा प्रिंटर एका दमात अख्ख्या वॉर्डाची लेबले बाहेर काढतो. सिस्टर ती कापून रक्त घ्यायच्या बल्बांवर चिकटवते, जांभळ्या टोपीचा ईडीटीए, करड्या टोपीचा फ्लोराइड, निळ्या टोपीचा सायट्रेट, आणि लेबल लावलेले सगळे बल्ब ट्रेमध्ये घेऊन खाटांकडे निघते. आता अकरा नंबरच्या खाटेवरचा रुग्ण रात्री खिडकीशी हलवला आहे. त्याच्या जागी नवा माणूस झोपला आहे. बारकोड अचूक, यंत्र अचूक, रिपोर्ट अचूक, आणि रक्त दुसऱ्याचे. रक्तगटाच्या तपासणीत असे घडले तर माणूस जिवाला मुकू शकतो.

यावर उपाय ठाऊक आहे. लेबल खाटेपाशीच छापले जावे, रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन केल्याशिवाय ते छापलेच जाऊ नये, आणि रक्त काढल्यावर तिथल्या तिथे ते बल्बला लागावे. त्यासाठी हातात मावणारा प्रिंटर लागतो, वॉर्डभर वायफाय लागते, आणि सॉफ्टवेअरवाल्याने सिस्टरच्या चालीने विचार केलेला असावा लागतो. निवडीच्या बैठकीला अशी सिस्टर बोलावलेली मी फार क्वचित पाहिली आहे. सोबती निवडण्यापूर्वी कंपनीच्या माणसाला एक सकाळ वॉर्डात उभे करा. त्याची यंत्रणा त्या गर्दीत कशी चालते ते तुमच्या सिस्टरला ठरवू द्या. तिचे मत माझ्या मताइतकेच मोलाचे आहे.

वेळेच्या नोंदीचेही असेच आहे. आपल्याकडच्या कित्येक प्रणाली बिल फाडल्याची वेळ हीच सॅम्पल घेतल्याची वेळ म्हणून रिपोर्टवर छापतात. साध्या बल्बात ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात, दर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी ती घटते. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर घेतलेले रक्त सीरम वेगळे न करता एसटीच्या पार्सलने चार तास प्रवास करून आले, तर साखर खोटी कमी आणि पोटॅशियम खोटे जास्त दिसणार. रक्त कधी घेतले, सीरम कधी वेगळे केले, लॅबमध्ये कधी पोचले, या तिन्ही वेळा वेगवेगळ्या नोंदवल्या असतील तरच लॅबमधल्या माणसाला शंका येईल. कॉर्टिसॉलसारख्या तपासणीत तर सकाळी आठचे रक्त आणि संध्याकाळी चारचे रक्त यांचा अर्थच निराळा. ज्या कंपनीच्या पडद्यावर या वेळांसाठी जागा नाही, तिला पुढच्या फेरीत बोलावू नये.

आता मागणीतल्या मजकुराकडे येऊ. कागदावर 'पीटी' लिहिले तर मेडिसिनच्या वॉर्डात ते रक्त गोठण्याची तपासणी, प्रोथ्रॉम्बिन टाइम. प्रसूतीच्या वॉर्डात तीच अक्षरे म्हणजे गर्भधारणेची तपासणी. सरांना चिठ्ठी कुठून आली ते कळायचे. यंत्रणेला कळत नाही, तिला संकेतांक लागतो. 'व्हिटॅमिन डी' मागितले की बहुतेकदा २५-हायड्रॉक्सी हवे असते, पण यादीत १,२५-डायहायड्रॉक्सी वर असले की घाईत तेच टिचकले जाते. त्याचे पैसे जास्त, आणि शरीरातला साठा त्यातून कळत नाही. हृदयविकारात पाहतात त्या ट्रोपोनिनचे तर ऐकाच. जुन्या पद्धतीत ते मिलिलिटरला नॅनोग्रॅममध्ये यायचे, नव्या अतिसंवेदनशील पद्धतीत लिटरला नॅनोग्रॅममध्ये येते. फरक हजारपटीचा. जुने ०.०४ म्हणजे नवे ४०. रुग्णालयाने लॅब बदलली, नव्या लॅबची पद्धत नवी, आणि पडद्यावर दोन्ही आकडे एकाच आलेखात एकाखाली एक आले, तर रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने काय समजायचे? डी-डायमरमध्येही दोन एककांच्या पद्धती आहेत, आणि एकीतला आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट असतो.

या गोंधळावर जगाने काम केलेले आहे. इंडियानापोलिसच्या रीगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटमध्ये क्लेम मॅकडोनल्ड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये लॉइंक ही संकेतसूची सुरू झाली. तीत प्रत्येक तपासणीला पदार्थ, मोजण्याचा गुणधर्म, नमुन्याचा प्रकार, पद्धत वगैरे धरून वेगळा क्रमांक असतो. सीरममधले क्रिएटिनिन वजनात मोजले तर २१६०-०, मोलमध्ये मोजले तर १४६८२-९. सूची वापरायला फुकट आहे. आपल्या केंद्र सरकारच्या आरोग्य नोंदींच्या मानकांमध्येही, २०१३ च्या आणि सुधारित २०१६ च्या, प्रयोगशाळेसाठी तीच सांगितली आहे. तरी बहुतेक कंपन्या आपल्या घरचे क्रमांक चालवतात. का, ते उघड आहे. घरचे क्रमांक असले की रुग्णालयाला लॅब सोडणे जड जाते, कारण पाच वर्षांच्या नोंदी नव्या लॅबला वाचताच येत नाहीत. म्हणून करार करण्यापूर्वी मागायचा पहिला कागद म्हणजे तपासण्यांची यादी : नाव, लॉइंक क्रमांक, एकक, बल्ब, पद्धत. आणि पद्धत किंवा एकक बदलणार असेल तर किती दिवस आधी लेखी कळवणार, हेही त्याच कागदावर.

प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या शिक्क्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळ्यांचा भरवसा असतो आणि तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. ही मान्यता आयएसओ १५१८९ या मानकावर चालते आणि ती तपासणीनिहाय असते. लॅबच्या दारावर शिक्का आहे याचा अर्थ तिथली प्रत्येक तपासणी त्यात आली असा होत नाही. व्याप्तीची यादी मागवा आणि तुमच्याकडे रोज लागणाऱ्या तपासण्या तीत शोधा. लॅब सॅम्पल पुढे तिसरीकडे पाठवत असेल तर त्या लॅबचे नाव रिपोर्टवर हवे.

आता लंडनला जाऊ. या विषयातला अलीकडचा सर्वांत मोठा धडा तिथला आहे, आणि आपल्याकडे त्याची हवी तेवढी चर्चा झाली नाही. दक्षिण-पूर्व लंडनमधल्या गाय्ज अँड सेंट थॉमस आणि किंग्ज कॉलेज या दोन मोठ्या सरकारी रुग्णालय-न्यासांनी सिनलॅब या खासगी कंपनीबरोबर भागीदारी केली. तिचे नाव सिनोव्हिस. त्या भागातल्या सहा बरोंमधल्या, म्हणजे प्रशासकीय विभागांमधल्या, फॅमिली डॉक्टरांच्या रक्ततपासण्याही तिच्याकडेच होत्या. सगळे एका छत्राखाली, एका जाळ्यात. कागदावर ही रचना नेटकी होती आणि तिचे हेतूही चांगले होते. ३ जून २०२४, सोमवार, या दिवशी कीलिन नावाच्या टोळीने त्या जाळ्यात शिरून खंडणीसाठी सगळ्या संगणकप्रणाली कुलूपबंद केल्या.

पुढे काय झाले ते टप्प्याटप्प्याने पाहा. लॅबमधली यंत्रे धडधाकट होती. पण मागणी यंत्रापर्यंत जाईना आणि निकाल डॉक्टरांपर्यंत येईना. निकाल कागदावर छापून माणसांकरवी वॉर्डात पोचवावे लागले. एरवीच्या तुलनेत थोड्याच तपासण्या करता येऊ लागल्या, म्हणून फॅमिली डॉक्टरांना सांगितले गेले की अगदी तातडीचे असेल तरच रक्त पाठवा. रक्तगट जुळवण्याचे काम नेहमीच्या वेगाने होईना, तेव्हा कोणालाही चालणारे ओ गटाचे रक्त जास्त वापरावे लागले, आणि देशभर ओ गटाच्या रक्तदात्यांना आवाहन करण्याची वेळ आली. १० हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि १,७०० हून अधिक पूर्वनियोजित उपचार पुढे ढकलले गेले. त्यांत कर्करोगाचे रुग्ण होते. चोरलेली माहिती टोळीने त्याच महिन्यात उघड केली. घडी पुरती बसायला महिने गेले. आणि २०२५ च्या जूनमध्ये किंग्ज कॉलेज रुग्णालयाने सांगितले की त्या काळात दगावलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूला जी कारणे एकत्र आली, त्यांत हल्ल्यामुळे रक्ताच्या निकालाला लागलेला विलंब हेही एक होते.

हे वाचताना मी फार अस्वस्थ झाले. त्या रुग्णाचे रक्त घेतले गेले होते. कोणीतरी प्रश्न विचारला होता. उत्तर वेळेवर आले नाही.

आपल्या देशात दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी असाच हल्ला झाला आणि नोंदणीपासून लॅबपर्यंतची कामे जवळजवळ दोन आठवडे हाताने करावी लागली. तिथे हाताने करता आली, कारण हाताने काम केलेली पिढी अजून नोकरीत होती. आणखी पंधरा वर्षांनी ती नसेल. म्हणून सोबत्याला विचारायचा प्रश्न 'तुमची सुरक्षा कशी आहे' असा मोघम नसावा, त्याला प्रत्येक जण उत्तम असेच सांगतो. विचारावे की तुमची प्रणाली आज दुपारी बंद पडली तर संध्याकाळी पाचला आमच्या अतिदक्षता विभागाचे पोटॅशियम मला कसे कळेल. कोण फोन करेल, कोणत्या नंबरवर, कागदी मागणीपत्राचा गठ्ठा कुठे ठेवला आहे, त्यावर रुग्णाची कोणती ओळख लिहायची, आणि प्रणाली परत सुरू झाल्यावर हे निकाल नोंदीत कोण भरणार. मग वर्षातून एकदा ठरवून, आधी जाहीर करून, ती दोन तास बंद ठेवावी आणि हे सगळे करून पाहावे. जी कंपनी या सरावाला करारात जागा द्यायला कांकू करते, तिचे उत्तर आपल्याला मिळाले असे समजावे.

सोबत्याचाही सोबती असतो, हे अमेरिकेतल्या एका प्रकरणाने २०१९ मध्ये दाखवले. क्वेस्ट ही तिथली अवाढव्य लॅब कंपनी. तिने बिलांचे काम एका कंत्राटदाराला दिले होते, आणि त्या कंत्राटदाराने थकबाकी वसुलीसाठी एएमसीए नावाची तिसरीच कंपनी नेमली होती. माहिती फुटली ती या तिसऱ्या ठिकाणी. क्वेस्टच्या सुमारे १ कोटी १९ लाख रुग्णांवर या फुटीचा परिणाम झाला, लॅबकॉर्प या दुसऱ्या मोठ्या लॅबच्याही सुमारे ७७ लाखांवर. यांतल्या बहुतेकांनी एएमसीए हे नावही कधी ऐकलेले नसणार. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. ज्याने माहिती घेतली तोच जबाबदार, मग तिच्यावरची प्रक्रिया त्याच्या वतीने दुसरा कोणी करत असला तरी. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. विश्वस्तांनी याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. रुग्णाने विश्वास टाकला तो तुमच्या रुग्णालयावर. कंपनीच्या मागे आणखी कोण कोण उभे आहे, त्या सगळ्यांची नावे करारापूर्वी लेखी मागणे हा तुमचा हक्कही आहे आणि कर्तव्यही.

आता पैशांबद्दल, आणि हे मी टाळणार नाही. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिस हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे किंवा देणे निषिद्ध ठरवले आहे. विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी, एका निदान केंद्राकडून असा धनादेश आला तेव्हा, सरळ महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. त्या धैर्याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. पण पाकिटाची जागा आता दुसऱ्या गोष्टी घेत आहेत. लॅब कंपनी म्हणते, सॉफ्टवेअर फुकट घ्या, प्रिंटर फुकट, संगणकही देतो, फक्त तपासण्या आमच्याकडे पाठवा. छोट्या रुग्णालयाला हे वरदान वाटते, आणि त्यांची अडचण मला कळते. पण त्या पडद्यावर मग इतर लॅबची नावे दिसत नाहीत, आणि 'फुल बॉडी प्रोफाइल'वर आधीच खूण केलेली असते. डॉक्टरने ती करायची नसते, नको असेल तर काढायची असते. पंधरा तपासण्या नको असताना होतात, आणि त्यांतली एक थोडी इकडेतिकडे आली की त्या माणसाच्या मागे पुढच्या तपासण्यांचे शुक्लकाष्ठ लागते. खर्च त्याच्या खिशातून. अमेरिकेत डॉक्टरांना संगणकीय नोंदींचे सॉफ्टवेअर देणगी म्हणून द्यायला २००६ पासून कायद्यात सवलत होती. २०१३ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी त्या सवलतीतून लॅब कंपन्यांना मुद्दाम वगळले, कारण देणगीच्या बदल्यात सॅम्पल वळवली जात असल्याच्या तक्रारी होत्या. आपण त्यांच्या अनुभवावरून शिकायला हरकत नाही. सॉफ्टवेअर एकाकडून घ्या, लॅबचे काम दुसऱ्याला द्या, आणि पडद्यावर कोणतीही तपासणी आधीपासून निवडलेली नको.

निरोपाचा दिवसही पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. करार संपला की सर्व जुने रिपोर्ट, लॉइंक क्रमांकांसह, दुसऱ्या प्रणालीला वाचता येतील अशा स्वरूपात, ठरलेल्या दिवसांत, जादा पैसे न घेता परत. केंद्राच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे काम सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे, आणि आभा या चौदा आकडी आरोग्य क्रमांकाला जोडलेला रिपोर्ट रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरला पाहता येतो. लॅबची प्रणाली त्याला जोडलेली असेल तर ऊसतोडीला कर्नाटकात गेलेल्या माणसाची मागच्या वर्षीची साखर तिथल्या डॉक्टरलाही दिसू शकते. ती जोडलेली आहे का, एवढे विचारायला मिनिट लागते.

एकेका रुग्णालयाने हे सारे कंपनीकडे मागितले तर कंपनी हसून सोडून देईल, हे मला ठाऊक आहे. तीस खाटांच्या रुग्णालयाची ताकद ती किती. म्हणून माझी या सभेला एक विनंती आहे. या भागातल्या ट्रस्ट रुग्णालयांनी आणि आयएमएच्या शाखेने मिळून तपासण्यांची एकच यादी करावी. सुरुवातीला रोज लागणाऱ्या चाळीसच घ्या. प्रत्येकीपुढे लॉइंक क्रमांक, एकक, बल्बचा रंग, सॅम्पल किती वेळात पोचले पाहिजे, कोणता आकडा आला तर रात्रीबेरात्री फोन करायचा, आणि मागणी करताना डॉक्टरने कोणती एक ओळ लिहायचीच. ही एक ओळ माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची : ताप कधीपासून, औषधे कोणती. मग कंपन्यांना या यादीवर बोलवावे. यादीच्या पहिल्या बैठकीला दोन सिस्टर आणि दोन टेक्निशियन असावेत, आणि तपासणीला आलेल्या रुग्णांपैकीही कोणी असावे. आमच्या रुग्णालयाची यादी तयार आहे. तिच्यात त्रुटी असतील, त्या दाखवायला तुम्ही समर्थ आहात. आज व्याख्यान संपल्यावर घेण्यासाठी तिच्या प्रती दारापाशी ठेवल्या आहेत, आणि शाखेच्या सचिवांनी येत्या महिन्यात बैठकीसाठी सभागृह द्यायचे कबूल केले आहे.